वर्गाच्या ग्रुपवर मुलीची टर उडवली जातेय. आम्ही काय करायचं, शाळेनं काय करायचं?

निळी_शाई

मुलगी सातवीत आहे. वर्गातल्या चार-पाच जणींनी तिचा एक फोटो, ऐन शिंकताना काढलेला, व्हॉट्सअ‍ॅपचा स्टिकर करून फिरवला. आधी एकीनं, मग सगळ्यांनीच. आता ती ग्रुपवर गृहपाठाचं काही विचारायला गेली की उत्तर म्हणून तो स्टिकर येतो. मग तिला वगळून नवा ग्रुप निघाला आणि सगळ्या गप्पा तिकडे गेल्या. वर्गात कुणी तोंडावर काही बोलत नाही, पण ही बाकावर येऊन बसली की शेजारची उठून दुसरीकडे जाते.

तिनं स्वतःहून काहीच सांगितलं नव्हतं. माझ्या बहिणीचा मुलगा त्याच शाळेत आहे, त्याच्याकडून कळलं.

वर्गशिक्षिका म्हणतात, दोन्ही बाजूंना एकत्र बसवू, एकमेकींना सॉरी म्हणतील, विषय संपेल. मुख्याध्यापक म्हणतात, मोबाइलवर घडलेलं शाळेच्या अखत्यारीत येत नाही, ते पालकांनी बघावं. नवरा म्हणतो, फोन काढून घे. आणि मुलगी म्हणते, आई, तू कुणाशी बोलूच नकोस, अजून वाईट होईल.

यातलं कुणाचं ऐकू? 'लक्ष देऊ नकोस, आपोआप थांबेल' हे सांगून झालंय, थांबलेलं नाही.

---

रोखठोक

शाळेत चिडवाचिडवी कुणाची झाली नाही? मुलं त्यातूनच घट्ट होतात. उद्या नोकरीत साहेब ओरडला तर तिथेही आई मीटिंग लावणार का? शिंकेच्या फोटोवरून एवढा गहजब म्हणजे जरा जास्तच होतंय. स्पष्ट बोललो, राग मानू नये.

---

मागचा_बाक

रोखठोक, चिडवाचिडवीत आज मी तुला, उद्या तू मला, परवा दोघं मिळून तिसऱ्याला. इथे रोज तीच मुलगी आहे आणि समोर सगळा वर्ग. तिची पाळी कधी येणार?

---

अर्धविराम

मागचा_बाक यांनी जे एका ओळीत सांगितलं ते या विषयातल्या अभ्यासाच्या मुळाशी आहे. डॅन ओल्वेउस हा संशोधक सत्तरच्या दशकापासून यावर काम करत होता, आधी स्वीडनमध्ये, मग नॉर्वेत. त्यानं तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं, आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. ताकद म्हणजे फक्त अंगातली नव्हे. कुणाच्या मागे किती जण उभे आहेत, तीही ताकदच. निळी_शाई यांच्या मुलीच्या बाबतीत तिन्ही आहेत.

१९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. त्यामागे सोबतच्या मुलांनी केलेला छळ असावा असं पुढे आलं, आणि १९८३ मध्ये तिथल्या सरकारनं देशभर शाळांमधून मोहीम काढली. तोवर तिथेही 'मुलं आहेत, चालायचंच' हाच सूर होता.

आता घट्ट होण्याबद्दल. ब्रिटनमध्ये १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पुढे आयुष्यभर मागोवा घेतला गेला. त्यातल्या साडेसात हजारांहून जास्त जणांची माहिती तपासून २०१४ मध्ये एक निबंध आला. लहानपणी वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये पन्नाशीच्या वयातही नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. घरची परिस्थिती, बुद्ध्यांक वगैरे जमेस धरूनही. सगळेच खचतात असा याचा अर्थ नाही, बहुतेक जण सावरतात. पण 'त्यातून घट्ट होतात' याला त्या आकड्यांत आधार सापडत नाही.

---

रोखठोक

ठीक, वाचलं. मग सरळ त्या चौघींना महिनाभर निलंबित करा. एकदा दणका बसला की वर्ग सुतासारखा सरळ.

---

खडूफळा

मी शाळेत शिकवते, बरीच वर्षं. मोठा प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या.

आधी निळी_शाईंना: एकत्र बसवू नका. कुणी कितीही चांगल्या मनानं सुचवलं तरी ठाम नाही म्हणा. भांडण असतं तेव्हा समेट चालतो, कारण दोघांकडे काहीतरी सोडण्यासारखं असतं. इथे तुमच्या मुलीनं काय सोडायचं? शिंकणं? त्या खोलीत चौघी एकमेकींकडे बघून ओठ दाबतील, बाईंसमोर सॉरी म्हणतील, आणि बाहेर पडल्यावर त्या सॉरीचाही स्टिकर निघेल. वर मुलीला कळेल की मोठ्यांना सांगितल्याचं फळ म्हणजे त्याच चौघींसमोर बसून पुन्हा सगळं सांगायचं.

वर्गशिक्षिकेनं करायचं ते असं. प्रत्येकीशी वेगवेगळं बोलायचं, पण एकाच तासात, एकीपाठोपाठ एक, म्हणजे मधल्या सुट्टीत गोष्ट जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही. 'अमकीनं तक्रार केलीय' अशी सुरुवात करायची नाही. 'मी वर्गात असं पाहिलंय, ग्रुपवरचं माझ्यापर्यंत आलंय' असं म्हणायचं, म्हणजे रोख मुलीवर जात नाही. कारणं विचारत बसायचं नाही. 'ती पण तशीच आहे, तिनं आधी केलं' इथून सुरू होतं आणि तास संपतो. काय घडलं, आणि उद्यापासून तू नेमकं काय करणार, एवढंच. 'नीट वागेन' हे उत्तर धरायचं नाही. 'स्टिकर डिलीट करेन आणि कुणी टाकला तर हसण्याचा इमोजी टाकणार नाही' हे उत्तर. मग दहा-बारा दिवसांनी परत बोलवायचं. ही दुसरी भेट शाळा नेहमी विसरतात, आणि माझ्या मते सगळं तिच्यावरच असतं. बाई पुन्हा विचारणार आहेत हे माहीत असलं की मुली वेगळ्या वागतात.

बाक. शेजारची उठून जाते ना? मग बसण्याच्या जागा वर्गशिक्षिकेनं ठरवून द्यायच्या, सगळ्या वर्गाच्या, आणि महिन्याला बदलत राहायच्या. गट पाडायचे तर तेही बाईंनी पाडायचे. 'आपापले गट करा' हे वाक्य ज्या मुलाला कुणी घेत नाही त्याच्यासाठी रोजची शिक्षा असते, आणि आम्ही शिक्षक ते दिवसातून तीनदा म्हणतो.

आणखी एक, आमच्याच जातभाईंबद्दल. जो शिक्षक वर्गात मुलांना टोपणनावं ठेवतो, उंचीवरून, रंगावरून, चष्म्यावरून कोट्या करतो, त्याच्या वर्गात हे जास्त चालतं. मुलांना परवाना मिळतो. स्टाफरूममध्ये हे बोललं की लोक पेपर तपासायला लागतात.

रोखठोक, निलंबनाचं अर्धविराम सांगतील.

---

अर्धविराम

:) सांगतो. अमेरिकेत शाळांमध्ये 'शून्य सहनशीलता' धोरणं बरीच राबवली गेली. एक ठरावीक कडक शिक्षा, परिस्थिती काहीही असो. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या कार्यगटानं २००८ मध्ये त्याचा आढावा छापला. शाळा त्यामुळे जास्त सुरक्षित झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. आणि छळाच्या बाबतीत तर उलटंच होण्याचा धोका. एका तक्रारीवरून वर्गमैत्रीण महिनाभर बाहेर जाणार असेल तर तक्रार करायलाच मुलं कचरतात. शिक्षकही डोळेझाक करतात.

म्हणजे शिक्षा नकोच असं नाही. पण शिक्षा होऊन परत येणारी मुलगी त्याच वर्गात येते, आणि वर्ग तसाच असतो.

---

ऐकणारी

मी समुपदेशनाचं काम करते, मुलांबरोबरच. शाळेचं खडूफळांनी सांगितलंय, मी घराबद्दल बोलते.

फोन काढून घेऊ नका. मुलं ऑनलाइन त्रास लपवतात त्याचं एक मोठं कारण हेच असतं, 'सांगितलं तर माझाच फोन जाईल'. त्रास तिला झाला आणि वस्तूही तिचीच गेली, असा हिशोब ती मांडणार. शिवाय जे कुणी एक-दोघं अजून तिच्याशी बोलतात ते फोनवरच बोलत असतील. रात्री फोन खोलीबाहेर ठेवायचा हा नियम वेगळा, तो घरातल्या सगळ्यांना लावा. बाबांनाही.

'कुणाशी बोलू नकोस' म्हणते त्याला 'बरं, नाही बोलत' असं वचन देऊ नका, कारण ते तुम्ही पाळणार नाही आहात. हे वचन द्या: 'तुला आधी सांगितल्याशिवाय मी काहीही करणार नाही.' आणि ते शब्दशः पाळा. मेल पाठवण्याआधी तिला वाचायला द्या. मीटिंगच्या आधी काय बोलणार ते सांगा, नंतर काय ठरलं तेही सांगा. छळात मुलाच्या हातातून सगळ्या गोष्टींचा ताबा गेलेला असतो. मोठ्यांनी मदत म्हणून उरलासुरला ताबाही घेतला तर मूल पुढच्या वेळी तोंड उघडत नाही.

पहिल्या बोलण्यात टाळायच्या दोन गोष्टी. 'तू काय केलं होतंस?' आणि 'मग तू तिथल्या तिथे का नाही सुनावलंस?' दोन्ही प्रश्न आपल्या तोंडून सहज निघतात, आणि दोन्हींचा अर्थ तिच्या कानाला एकच लागतो, की कमी मी पडले.

'लक्ष देऊ नकोस' हा सल्ला एका बाबतीत बरोबर आहे: ग्रुपवर उलट उत्तर देऊ नये, रागाचा मेसेज पाठवू नये. तेवढाच भाग ठेवा. बाकी तिला एकटीनं गिळायला लावू नका.

आणि हे बघत राहा: शाळेच्या आदल्या रात्री पोटदुखी, झोप उडणं, वस्तू हरवणं किंवा फाटून येणं, मेसेज वाजला की दचकणं, फोन पालथा ठेवणं किंवा एकाएकी फोनच नकोसा होणं. जगण्याचा कंटाळा आला, मी नसते तर बरं झालं असतं, असं काही ती बोलली किंवा लिहिलं तर शाळा-बिळा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. हे सरळ शब्दांत तिला विचारायलाही घाबरू नका. विचारल्यानं असे विचार डोक्यात शिरत नाहीत.

---

बिनतारी

फोनच्या बाजूचं मी लिहितो.

१. आधी पुरावा, मग बाकी सगळं. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचं नाव किंवा नंबर आणि आधीचे-नंतरचे दोन-तीन मेसेज दिसले पाहिजेत. नुसत्या स्टिकरचा फोटो कामाचा नाही. मुलीला 'काहीही डिलीट करू नकोस' एवढं आजच सांगा, मुलं लाजेनं डिलीट करतात. ग्रुपवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर घाई करा. एका कागदावर तारीखवार नोंद ठेवा, काय घडलं, कुठे, कुणासमोर.

२. रिपोर्ट त्यानंतर. व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्याला रिपोर्ट केलं की त्यानं तुम्हाला पाठवलेले शेवटचे पाचपर्यंत मेसेज कंपनीकडे जातात. समोरच्याला त्याची सूचना जात नाही. मात्र रिपोर्ट करताना ब्लॉक आणि चॅट डिलीट करण्याचा पर्यायही येतो, घाईत तो दाबला तर तुमचाच पुरावा जातो.

३. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये 'ग्रुप' नावाचा भाग आहे. तिथे 'फक्त माझे संपर्क' किंवा 'अमुक सोडून माझे संपर्क' असं निवडता येतं. नकोशा ग्रुपमध्ये ओढलं जाणं थांबतं. प्रोफाइल फोटो कुणाला दिसावा तेही तिथेच.

४. ती इन्स्टाग्रामवर असेल तर ब्लॉकपेक्षा 'रिस्ट्रिक्ट' बघा. २०१९ पासून आहे. त्या व्यक्तीची कमेंट फक्त तिची तिलाच दिसते, आणि आपण ऑनलाइन आहोत की नाही, मेसेज वाचला की नाही, हे तिला कळत नाही. ब्लॉक केलं की लगेच समजतं आणि वर्गात 'हिनं मला ब्लॉक केलं' हा नवा विषय मिळतो. मुलं ब्लॉक का करत नाहीत याचं उत्तर यातच आहे.

सातवीतल्या मुलीनं इन्स्टावर असावं का हा वेगळा धागा. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना अशा अ‍ॅप्सवर खातं ठेवायलाच बंदी केलीय, पण ती मेसेजिंग अ‍ॅप्सना लागू नाही. म्हणजे वर्गाचा ग्रुप तिथेही राहिलाच.

---

दुपारची_सुट्टी

फोटो साधा आहे म्हणून ठीक. तो नको तसा असेल तर काय करायचं? माझ्या ओळखीत असं घडलंय, जास्त लिहीत नाही.

---

बिनतारी

मग वरचा पहिला मुद्दा तसाच्या तसा लागू करू नका. लहान मुलाचा उघडा फोटो पुरावा म्हणूनही कॉपी करणं, पुढे पाठवणं, शाळेला मेल करणं हा बऱ्याच देशांत गुन्हा ठरतो, हेतू चांगला असला तरी. कुणी, कधी, कुठे टाकला ते लिहून ठेवा, खात्याचं नाव आणि लिंक टिपा, आणि पोलिसांकडे जा.

'टेक इट डाउन' नावाची एक विनामूल्य सेवा आहे, हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारं अमेरिकेतलं राष्ट्रीय केंद्र ती चालवतं. १८ वर्षांखाली काढलेल्या अशा फोटोंसाठी, कुठल्याही देशातून, नाव न सांगता वापरता येते. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा आकड्यांचा एक ठसा तयार होतो, तेवढाच जातो, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅटसारख्या सहभागी कंपन्या तो ठसा आपल्याकडे शोधून फोटो काढतात. मर्यादा ही, की व्हॉट्सअ‍ॅपसारख्या कुलूपबंद चॅटमध्ये तो चालत नाही, आणि फोटो थोडा कापला-बदलला तर नवा ठसा लागतो.

---

निळी_शाई

सगळ्यांचे आभार. स्क्रीनशॉट काल रात्री तिच्याबरोबर बसून घेतले. सुरुवातीला रडली, मग स्वतःच सांगायला लागली की हा मेसेज पण घे, तो पण घे. फोन तिच्याकडेच आहे. नवरा नाराज आहे पण ऐकलं.

मुख्याध्यापकांचं काय करू? 'मोबाइल म्हणजे घरचं' या वाक्यावर ते अडून बसलेत.

---

ऐकणारी

बाकावरून उठून जाणं मोबाइलवर घडत नाही. त्यांच्याशी तिथून सुरुवात करा.

---

अर्धविराम

अगदी. ऑनलाइन छळ म्हणजे कुणी अनोळखी माणूस अंधारातून करतो असं आपल्याला वाटतं. मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा तेच वर्गातले, जे समोरही त्रास देतात. २०१४ मध्ये ८० अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता. त्यात प्रत्यक्ष छळाचं प्रमाण साधारण ३५ टक्के आणि ऑनलाइनचं १५ टक्के आलं, आणि दोन्हींत बऱ्यापैकी तीच मुलं सापडली. म्हणजे फोन हे बऱ्याचदा वर्गातल्या भानगडीचं दुसरं टोक असतं. फरक एवढा की घरी आल्यावरही सुटका नाही.

इंग्लंडमध्ये तर २००६ च्या शिक्षण कायद्यानं मुख्याध्यापकांना शाळेच्या आवाराबाहेरच्या वागण्यावरही, वाजवी मर्यादेत, नियम लावायचा अधिकार दिला. तुमच्या मुख्याध्यापकांना तो कायदा लागू नाही, पण 'शाळेला काही करताच येत नाही' हे सगळीकडे मान्य झालेलं तत्त्व नाही, एवढं त्यातून दिसतं. शाळेचं लेखी छळविरोधी धोरण आहे का ते विचारा. असेल तर प्रत मागा. नसेल तर नाही असं लेखी मागा.

---

उलटटपाली

वाचत होतो, लिहू की नको करत होतो. आमच्याकडे उलट बाजू आली होती. आमच्या मुलाबद्दल शाळेतून फोन आला की तो दोघांना घेऊन एका लहान मुलाला बसमध्ये त्रास देतो.

एवढं सांगतो, की त्या चौघींच्या आईबापांना निळी_शाईंनी थेट फोन करू नये. फोन आला की पहिली प्रतिक्रिया बचावाचीच असते. कुणाच्याही घरी. आम्हाला शाळेनं बोलावलं, काय पाहिलं ते तारखेसह सांगितलं, 'तुमचा मुलगा गुंड आहे' असं कुठेही म्हटलं नाही, आणि विचारलं की घरी तुम्ही यात काय करू शकता. त्यामुळे ऐकून घेता आलं.

घरी आम्ही मारलं-झोडलं नाही. त्या लहान मुलाला बसमध्ये कुठे बसायचं असतं, त्याला ती जागा का सोडावी लागली, हे त्याच्याकडून वदवून घेतलं. बसमध्ये महिनाभर पुढे, ड्रायव्हरकाकांच्या मागे बसायचं हे ठरलं. आणि दर आठवड्याला शाळेकडून एक ओळ. हेही कळलं की वरच्या वर्गातला एक जण याला आधी छळायचा. अशी दोन्हीकडची मुलं असतात म्हणे, आणि त्यांचं सगळ्यात अवघड असतं.

---

खडूफळा

उलटटपाली, हा प्रतिसाद मी आमच्या मुख्याध्यापकांना वाचून दाखवणार आहे. पालकांना बोलावताना काय म्हणावं यावर आम्हाला कुणी काही शिकवत नाही.

---

मागचा_बाक

एक विचारू? सगळे त्या चौघींबद्दल बोलताय. ग्रुपवर तीसेक मुलं असतील. बाकीच्या पंचवीस जणांचं काय? मी शाळेत त्या पंचवीसांतला असायचो. कुणाला त्रास होतोय हे सगळ्यांना माहीत असायचं, आणि प्रत्येकाला वाटायचं की आपल्याशिवाय इतरांना ते विनोदी वाटतंय.

---

दुपारची_सुट्टी

+१. हाच खरा मुद्दा आहे.

---

अर्धविराम

मागचा_बाक, तुम्ही नेमकं बोट ठेवता. कॅनडात शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून आणि मुलांच्या अंगावर मायक्रोफोन देऊन निरीक्षण केलं होतं, २००१ मध्ये छापलं. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती. फक्त १९ टक्के प्रसंगांत कुणी मध्ये पडलं. पण जेव्हा पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, दहा सेकंदांत प्रकार थांबला. दहा सेकंदांत!

फिनलंडनं 'किवा' नावाचा कार्यक्रम याच पायावर उभा केला, तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांच्या गटानं. २००९ पासून तो तिथे देशभर गेला. त्यांची मांडणी अशी की छळणारा एकटा नसतो. मदतनीस असतात, हसून दाद देणारे असतात, गप्प बघणारे असतात आणि बाजू घेणारे असतात. छळणाऱ्याला हवी असते ती वर्गातली वट. दाद मिळणं बंद झालं की वट जाते. म्हणून वर्षभर तासिका सगळ्या वर्गासाठी, आणि प्रत्यक्ष प्रकरण आलं की ठरलेल्या दोन-तीन शिक्षकांचा गट, जवळपास खडूफळांनी सांगितलं तसं, एकेकाशी बोलून आणि नंतर परत भेटून.

---

खडूफळा

पटतं, पण सांभाळून. आमच्याकडे 'मित्रदूत' म्हणून मुलांना बिल्ले वाटले होते. दुसऱ्या आठवड्यात बिल्लेवालेच दादागिरी करायला लागले.

---

अर्धविराम

बरोबर शंका आहे, आणि ती आकड्यांतही आहे. फॅरिंग्टन आणि टोफी यांच्या २००९ च्या आढाव्यात छळविरोधी कार्यक्रमांनी सरासरी छळ करणं २० ते २३ टक्क्यांनी आणि छळ होणं १७ ते २० टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. म्हणजे उपयोग होतो, जादू होत नाही. त्यात मैदानावर नीट देखरेख, पालकांसाठी सत्रं, ठाम शिस्त हे घटक असलेले कार्यक्रम जास्त चालले, आणि मुलांवर औपचारिक जबाबदारी टाकणारे घटक काही वेळा उलटे पडले. किवाच्या लोकांचं म्हणणं वेगळं आहे, वाद चालू आहे. माझं मत: वर्गाला 'हसू नका, पुढे पाठवू नका' हे शिकवणं वेगळं आणि बारा वर्षांच्या पोराला पंच करणं वेगळं.

अजून एक गोष्ट, जी शाळांना फारशी माहीत नसते. वर्गात छळ कमी झाला, पण एक-दोघांचा चालूच राहिला, तर त्या एक-दोघांची अवस्था आधीपेक्षा वाईट होऊ शकते. बाकी सगळे ठीक आहेत, म्हणजे दोष माझ्यातच असणार, असं त्यांना वाटतं. त्यामुळे 'आमच्या शाळेत आता फारसं काही नाही' असं कुणी म्हणालं तर विचारायचं, फारसं नाही म्हणजे कोण उरलंय?

---

ऐकणारी

निळी_शाई, या पंचवीसांचा तुम्हाला आत्ता उपयोग आहे. मुलीला विचारा, हसण्याचा इमोजी कुणी टाकला नाही? असा एक तरी सापडतो. त्या मुलीला घरी बोलवा, काहीतरी निमित्त काढून. त्रासाबद्दल बोलायचं नाही, नुसतं दोघींना वेळ घालवू द्यायचा. एक मैत्रीण असली तरी फरक पडतो.

आणि शाळेबाहेरचा एखादा घोळका शोधा, खेळ, गाणं, काहीही, जिथे तो ग्रुप पोचलेला नाही.

---

निळी_शाई

आहे अशी एक. नाव ऐकून मलाच आश्चर्य वाटलं.

मेलचा मसुदा केलाय, बघता का?

"आदरणीय महोदय, आमच्या मुलीला वर्गात आणि वर्गाच्या ग्रुपवर काही आठवड्यांपासून त्रास होत आहे. वर्गात तिच्याशेजारी बसण्याचे टाळले जाते, गटकार्यात तिला घेतले जात नाही आणि तिचे छायाचित्र चेष्टेसाठी वापरले जाते. तारखेनुसार नोंद व चित्रे सोबत जोडली आहेत. यातला मोठा भाग शाळेच्या वेळेत व वर्गात घडतो. आमची विनंती अशी की संबंधित विद्यार्थिनींशी स्वतंत्रपणे बोलावे, आमच्या मुलीला त्यांच्यासमोर बसवू नये, आसनव्यवस्था शिक्षकांनी ठरवावी आणि शाळेच्या छळविरोधी धोरणाची प्रत मिळावी. दोषींवर कठोर कारवाई करावी. लवकरात लवकर उत्तर अपेक्षित आहे."

---

खडूफळा

छान आहे. 'दोषींवर कठोर कारवाई' काढा. त्या वाक्यावरून शाळा सावध होते आणि वकिली उत्तर येतं. त्याऐवजी: 'हे थांबले का, हे पाहण्यासाठी कोणते शिक्षक जबाबदार असतील ते कळवावे.' एका माणसाचं नाव मिळवा. 'लवकरात लवकर' काढून तारीख घाला.

---

बिनतारी

जोडलेल्या चित्रांत बाकीच्या मुलींची नावं-नंबर आहेत. शाळेला पाठवताना ते लागतीलच, पण हीच फाइल पालकांच्या ग्रुपवर टाकायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका, नवऱ्यालाही. मग छळाची तक्रार तुमच्यावर येईल.

---

निळी_शाई

दोन्ही बदल केले. मुलीनं वाचला, 'गटकार्यात घेतले जात नाही' या वाक्यात 'विज्ञानाच्या प्रकल्पात' असं घालायला लावलं, बाईंना लगेच कळेल म्हणून. उद्या सकाळी पाठवते.

---

अर्धविराम

मेलची पोच मागून घ्या. आणि मीटिंग झाली की त्याच संध्याकाळी 'आज असं ठरलं, पुन्हा अमुक तारखेला भेटायचं आहे' असा दोन ओळींचा मेल तुम्हीच पाठवा. शाळा तो पाठवेल याची वाट बघू नका.